जी कामं रांगेत उभीच राहत नाहीत

इंग्लंडमध्ये केंब्रिज शहराजवळ हिंक्सटन नावाचं एक खेडं आहे. वेलकम सँगर इन्स्टिट्यूट ही जनुकशास्त्रातली नामांकित संस्था तिथं आहे. मानवी जनुकसंच पहिल्यांदा वाचण्याचा जो आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला, त्यातलं साधारण एक तृतीयांश काम इथं झालं. या संस्थेच्या मोठ्या संगणकांवर शास्त्रज्ञ आपलं काम पाठवतात, तेव्हा ते लगेच सुरू होत नाही. आधी रांगेत लागतं. रांगा बऱ्याच आहेत आणि त्यांना नावंही आहेत. बारा तासांच्या आत संपणारं काम ‘नॉर्मल’मध्ये जातं. दोन दिवस लागणारं ‘लाँग’मध्ये, आठवडाभराचं ‘वीक’मध्ये. महिनाभर रेंगाळणाऱ्या कामांची रांग म्हणजे ‘बेसमेंट’, थोडक्यात तळघर. आणखी एका रांगेचं नाव आहे ‘यस्टर्डे’. ज्यांना निकाल कालच हवा होता, त्यांच्यासाठी. अर्थात एका माणसाला तिथं मोजकीच कामं टाकता येतात, नाहीतर सगळी संस्था ‘काल’मध्येच उभी राहिली असती.

नाव गमतीचं असलं तरी त्यामागचा प्रश्न गमतीचा नाही. वैद्यकीय संशोधन आता परीक्षानळीइतकंच संगणकावरही चालतं. कर्करोगाच्या गाठीतले बदल शोधायचे असोत, एखाद्या औषधाची चाचणी चालवायची असो की हजारो माणसांचे एमआरआय तपासायचे असोत; प्रत्येक वेळी कुणीतरी आयटी विभागाकडे काहीतरी मागत असतं. संगणकाचा वेळ, साठवणीची जागा, नवा डेटाबेस, किंवा निदान बंद पडलेला लॅपटॉप सुरू करून देणारा माणूस. मागणी नेहमीच पुरवठ्यापेक्षा जास्त असते. मग कुणाला आधी द्यायचं, हे कुणी ठरवायचं?

हा प्रश्न इतका बिकट कसा झाला, ते आकड्यांवरून कळतं. अमेरिकेची राष्ट्रीय मानवी जनुकसंच संशोधन संस्था एक जनुकसंच वाचायला किती खर्च येतो याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. २००१ मध्ये हा खर्च साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास होता. दोन दशकांनी तो पाचशे डॉलरच्या घरात आला. संगणकही या काळात स्वस्त झाले, पण या गतीनं नाही. २००८ च्या सुमारास नव्या पिढीची वाचनयंत्रं प्रयोगशाळांत आली आणि दोन्ही आलेखांची फारकत झाली. जनुकसंच वाचणं कवडीमोल होत गेलं. वाचलेलं साठवणं आणि त्याचा अर्थ लावणं मात्र तितकं स्वस्त झालं नाही. नळाला पाणी धो धो यावं आणि घरात भांडी तेवढीच असावीत, तसं काहीसं.

एका माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. यंत्र चुका करतं म्हणून प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा वाचलं जातं. म्हणजे नऊ हजार कोटी अक्षरं. शिवाय प्रत्येक अक्षरासोबत यंत्र एक गुण नोंदवतं: ‘हे अक्षर बरोबर वाचलंय याची मला इतकी खात्री आहे.’ हे एका माणसाचं. ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात २००६ ते २०१० या काळात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या पाच लाख माणसांची नोंदणी झाली. त्या सर्वांचे पूर्ण जनुकसंच २०२३ च्या नोव्हेंबरअखेर संशोधकांसाठी खुले झाले, तेव्हा तो साठा सत्तावीस पेटाबाइटच्या वर गेला होता. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट.

यावर पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो: आणखी यंत्रं घ्या. तो करावाही लागतो. पण नुसता तेवढाच उपाय फसतो, आणि का फसतो हे आपल्याला दवाखान्यातल्या बाकावर बसून चांगलं कळू शकतं.

समजा, ओपीडीत एकच डॉक्टर आहेत आणि एका रुग्णाला सरासरी दहा मिनिटं लागतात. रुग्ण वेळ ठरवून येत नाहीत, कसेही येतात. डॉक्टरांचा निम्मा वेळ भरलेला असेल, तर आलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. ऐंशी टक्के वेळ भरला की चाळीस मिनिटं. नव्वद टक्के झाला की दीड तास. पंच्याण्णव टक्क्यांवर तीन तास दहा मिनिटं. डॉक्टरांचं काम ऐंशीवरून पंच्याण्णव टक्क्यांवर गेलं, म्हणजे जेमतेम पाचव्या हिश्शानं वाढलं, आणि रांगेतली वाट पाहणं जवळजवळ पाचपट झालं. हे गणित ज्या शास्त्रात बसतं त्याचा पाया डेन्मार्कच्या एर्लांग यांनी घातला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ते नोकरीला होते आणि किती फोन आले तर किती तारा लागतील याचा हिशेब करत होते. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. मोठ्या संगणकसमूहात एकाऐवजी हजारो ‘डॉक्टर’ असतात, त्यामुळे आकडे इतके भयंकर होत नाहीत. पण आलेखाची चढण तशीच राहते.

म्हणून ‘आमची यंत्रं शंभर टक्के वापरात आहेत’ असं एखादी संस्था अभिमानानं सांगते, तेव्हा तिथल्या संशोधकांची दया येते. हिशेबनिसाला जी काटकसर वाटते, ती रांगेतल्या माणसाच्या आयुष्यातले दिवस असतात.

त्यात माणसाचा स्वभाव मिसळतो. संगणकाला काम देताना आधी सांगावं लागतं, मेमरी किती लागेल आणि वेळ किती लागेल. सांगितल्यापेक्षा जास्त मेमरी लागली, तर व्यवस्था ते काम मध्येच मारून टाकते. रात्रभर चाललेलं काम पहाटे असं मेलं, की संशोधक पुढच्या वेळी शहाणा होतो. दहा गिगाबाइट लागणार असतील तर चौसष्ट मागतो. मागितलेली मेमरी त्याच्या नावानं राखून ठेवली जाते, वापरो की न वापरो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून तीन जागा धराव्यात आणि बसायला एकट्यानंच यावं, तशातला प्रकार. बाहेरून पाहिलं तर गाडी भरलेली, आत निम्मी बाकडी रिकामी. इथं आयटी विभागानं नवी गाडी आणण्याआधी रुमाल मोजायला हवेत. बऱ्याच ठिकाणी आता काम संपल्यावर संशोधकाला निरोप जातो, ‘तुम्ही एवढं मागितलंत, प्रत्यक्षात एवढंच वापरलंत’. ओरडा नाही, दंड नाही, नुसता आकडा.

रांगेचे नियमही साधे ‘आधी आला त्याला आधी’ असे नसतात. तसे असते तर एखाद्या गटानं शुक्रवारी संध्याकाळी दहा हजार कामं टाकून सगळ्यांचा सोमवार बुडवला असता. म्हणून ‘फेअर शेअर’ नावाची पद्धत वापरतात. गेल्या काही दिवसांत ज्यानं भरपूर वापरलं, त्याचा क्रमांक आपोआप मागे जातो. ज्यानं कमी वापरलं, तो पुढे येतो. पहिल्या पंगतीला पोटभर जेवलेल्यानं दुसऱ्या पंगतीला पुन्हा पाटावर बसू नये, इतकंच. जुना वापर हळूहळू विसरला जातो, म्हणजे कुणी कायमचा गुन्हेगार ठरत नाही. मोठ्या कामासाठी यंत्रं मोकळी होण्याची वाट पाहताना जी फट पडते, तिच्यात छोटी कामं सरकवून घेतात. पण त्यासाठी छोट्या कामवाल्यानं वेळ खरा सांगितलेला असावा लागतो. पुन्हा रुमालावर येतो आपण.

यंत्रांची रांग अशी नियमांनी सांभाळता येते. माणसांची रांग कठीण. संशोधन संस्थेतला आयटी विभाग सहसा छोटा असतो, आणि त्याच्या दारात पासवर्ड विसरलेल्यापासून ते ‘आम्हाला तीन हजार रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी एक प्रणाली हवी आहे, महिन्याभरात होईल ना?’ असं विचारणाऱ्यापर्यंत सगळे येतात. ज्येष्ठ प्राध्यापकांचा फोन थेट प्रमुखांना जातो. तिशीतली संशोधिका तक्रार क्रमांक घेऊन थांबते. कुठलाही लेखी नियम नसेल तर रांगेचा क्रम आवाजाच्या पट्टीवर ठरतो. आणि एकदा बांधलेली प्रणाली कायमची गळ्यात पडते. प्रकल्प संपतो, अनुदान संपतं, ती बांधणारा मुलगा बंगळुरूला निघून जातो, पण सर्व्हर चालू ठेवावाच लागतो. म्हणून चांगल्या संस्थांत संशोधक आणि आयटीची माणसं एकत्र बसून मागण्यांचा क्रम लावतात आणि मागणाऱ्याला दोन प्रश्न विचारतात. हे झालं नाही तर नेमकं काय अडेल? आणि पाच वर्षांनी याचा खर्च कोण करणार? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात.

मागणी मुळातच कमी ठेवली तर काय घडतं, याचं एक सुंदर उदाहरण करोनाच्या काळात दिसलं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ‘रिकव्हरी’ नावाची औषधचाचणी उभी केली. पहिला रुग्ण १९ मार्च २०२० रोजी सहभागी झाला, आराखडा तयार झाल्यापासून अवघ्या नऊ दिवसांनी. अशा चाचण्यांत एरवी प्रत्येक रुग्णामागे अर्जांची चळत भरावी लागते आणि त्या प्रत्येक रकान्यासाठी कुणीतरी संगणकप्रणाली बांधावी लागते. इथं रुग्णाची नोंद एका साध्या वेबपानावर व्हायची, पाठपुराव्याचा अर्ज एका पानाचा होता, बाकीची माहिती ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत आधीच असलेल्या नोंदींतून घेतली गेली. वॉर्डातल्या दमलेल्या डॉक्टरला काय भरता येईल, तेवढंच विचारलं. १६ जून रोजी निकाल जाहीर झाला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशानं कमी करतं. पुढे जगभरच्या अतिदक्षता विभागांत ते वापरलं गेलं. या यशाचं श्रेय औषधाला मिळालं, आणि ते योग्यच आहे. पण न विचारलेल्या प्रश्नांनाही थोडं द्यायला हवं.

साठवणीच्या बाबतीतही असाच एक शहाणपणाचा मार्ग निघाला. सँगरच्या शेजारीच, त्याच आवारात, युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूट आहे. जगभरचे जनुकीय साठे तिथं येऊन पडतात. दोन माणसांच्या जनुकसंचात फरक अगदी थोडा असतो. मग सगळी अक्षरं पुन्हा पुन्हा का लिहायची? एक प्रमाण प्रत घ्यायची आणि ‘या जागी सगळं तसंच, फक्त इथं एक अक्षर वेगळं’ एवढंच नोंदवायचं. ही कल्पना तिथल्या इवन बर्नी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडली, आणि तीतून ‘क्रॅम’ हा साठवणीचा प्रकार आला. यंत्राच्या खात्रीच्या गुणांनाही कात्री लागली. चाळीसेक वेगवेगळ्या श्रेणींऐवजी आठ ठेवल्या तरी निदानात फारसा फरक पडत नाही, असं दिसलं. या सगळ्या विवंचनेतून एक भलतंच फळही निघालं. बर्नी आणि त्यांचे सहकारी निक गोल्डमन हॅम्बुर्गच्या एका हॉटेलात बिअर घेत साठवणीच्या खर्चाचं रडगाणं गात बसले होते. तेव्हा एकाला सुचलं की डीएनए हेच मुळात साठवणीचं साधन आहे, मग माहिती त्याच्यातच का ठेवू नये? २०१३ मध्ये त्यांनी शेक्सपिअरची १५४ सुनीतं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा एक तुकडा खरोखर डीएनएत लिहून परत वाचून दाखवला. अजून ते कुणाच्या कपाटात आलेलं नाही, हे वेगळं.

पण आकसून ठेवणं एक, आणि फेकून देणं दुसरं. जागा भरत आली की आयटी विभाग विचारतो, ‘पाच वर्षांत कुणी उघडलेली नाही ती फाइल ठेवायची कशाला?’ प्रश्न रास्त आहे. घरातल्या माळ्याबद्दल आपण हेच म्हणतो. याच टप्प्यावर वैद्यकीय संशोधन इतर कार्यालयांपेक्षा वेगळं होतं.

सँगर संस्था आणि ब्रिटन-आयर्लंडमधल्या जनुकीय दवाखान्यांनी मिळून ‘डिसायफरिंग डेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स’ नावाचा अभ्यास केला. ज्यांची वाढ गंभीरपणे खुंटली आहे, जी उशिरा बोलतात किंवा बोलतच नाहीत, ज्यांना झटके येतात, आणि ज्यांचं कारण कुठल्याच तपासणीत सापडलेलं नाही अशी मुलं आणि त्यांचे आईवडील यात होते. जनुकसंचातला प्रथिनं बनवणारा भाग वाचायचा आणि आईवडिलांशी ताडून पाहायचं, अशी पद्धत. पहिल्या ११३३ मुलांपैकी २७ टक्क्यांचं कारण सापडलं, असं २०१४ मध्ये जाहीर झालं. उरलेल्या घरांना उत्तर मिळालं ते ‘काही सापडलं नाही’.

मग त्या गटानं एक कंटाळवाणं वाटणारं काम केलं. नवं रक्त घेतलं नाही, नवं वाचन केलं नाही. जुनीच माहिती पुन्हा काढली, सुधारलेल्या सॉफ्टवेअरमधून परत चाळली आणि मधल्या काळात जगात इतरत्र सापडलेल्या नव्या जनुकांशी ताडली. निदान झालेल्या मुलांची संख्या ४५४ झाली, म्हणजे ४० टक्के. ही सगळी तीच मुलं आणि तीच माहिती. फक्त ती जपून ठेवली होती आणि तिच्यावर पुन्हा संगणक चालवायला कुणीतरी वेळ दिला होता. पुढे हा अभ्यास साडेतेरा हजारांच्या आसपास कुटुंबांपर्यंत गेला आणि २०२३ मध्ये सुमारे साडेपाच हजार मुलांचं निदान झाल्याचं प्रसिद्ध झालं. निदान झालं म्हणजे मूल बरं झालं असं नाही. पण एक तपासणी झाली की दुसरी, एक डॉक्टर झाले की दुसरे, ही वणवण थांबते. पुढच्या अपत्याला धोका किती, हे सांगता येतं. काहींच्या बाबतीत उपचारही बदलतात. आणि ‘गरोदरपणात माझंच काही चुकलं का,’ या आईच्या प्रश्नाला कागदावर उत्तर मिळतं.

आता रांगेच्या नजरेनं याकडे पाहा. जुनी माहिती पुन्हा चाळा, असं मागायला कोण येतं? नवा प्रकल्प सुरू करणारा प्रमुख येतो, शोधनिबंधाची मुदत गाठणारा विद्यार्थी येतो. तीन वर्षांपूर्वी ‘काही सापडलं नाही’ ऐकून घरी गेलेलं कुटुंब रांगेत नसतं. ‘यस्टर्डे’मध्येही नाही, ‘बेसमेंट’मध्येही नाही. मागणी आली की पुरवठा करायचा, एवढंच आयटी विभागाचं धोरण असेल, तर हे काम कधीच होणार नाही, आणि ते झालं नाही हे कुणाला कळणारही नाही.

अशीच दुसरी एक न मागितलेली गोष्ट म्हणजे सुरक्षा. कुठलाही शास्त्रज्ञ उठून ‘आमच्या सर्व्हरला पॅच लावा हो,’ असं सांगायला येत नाही. उलट पॅच लावायला यंत्र तासभर बंद ठेवायचं म्हटलं की ‘आत्ता नको, माझं काम चालू आहे’ असंच उत्तर येतं. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरचे संगणक बंद पाडले. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, आणि तिथल्या लेखापरीक्षकांच्या अंदाजानुसार १९ हजारांवर रुग्णभेटी रद्द झाल्या. ज्या भोकातून हा प्रोग्रॅम शिरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. दोन महिने तो लावायचा राहिला, इतकीच कथा.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर असेच बंद पडले. ‘एम्स’ हे देशातलं एक मोठं सरकारी रुग्णालय तर आहेच, पण मोठी संशोधन संस्थाही आहे. नोंदणी, तपासण्या, अहवाल, सगळं पुढचे बरेच दिवस कागदावर आलं. नंतर सरकारनं संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि कारण होतं नेटवर्कचे भाग नीट वेगळे न राखणं. नेटवर्कचे भाग वेगळे राखणं म्हणजे घरात खोल्यांना दारं असणं. दारं बसवा, अशी मागणी घरात राहणारं कुणी करत नाही. चोर येऊन गेल्यावर सगळे करतात.

त्यामुळे ज्या संस्था हे नीट करतात, त्या यंत्रांच्या आणि माणसांच्या वेळाचा काही हिस्सा मागणीच्या रांगेबाहेर ठेवतात. इतका वेळ देखभालीला, इतका बॅकअप परत चालतो की नाही हे तपासायला, इतका जुन्या माहितीच्या पुनर्तपासणीला. त्यावर कुणी कितीही मोठ्या आवाजात हक्क सांगितला तरी तो द्यायचा नाही. हे ठरवायला तंत्रज्ञ पुरत नाही, संचालकानं सही करावी लागते. माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. रांग आखणं सोपं. रांगेत नसलेल्यासाठी जागा धरून बसणं अवघड. इथं मात्र रुमाल टाकलाच पाहिजे.

आणि पैसा? फुकट दिलं तर मागणीला अंत नाही, हे खरं. यूके बायोबँकेचा साठा इतका वाढला की संशोधकांनी तो आपापल्या विद्यापीठात उतरवून घेणं व्यवहार्य राहिलं नाही. २०२१ पासून त्यांनी क्लाउडवर एक व्यासपीठ उभं केलं आहे: माहिती जागेवरच राहील, तुम्ही तिथं येऊन काम करा आणि वापराल तेवढ्या संगणकाचे पैसे द्या. माहितीची सुरक्षा वाढते, एकाच गोष्टीच्या शेकडो प्रती होत नाहीत, आणि प्रत्येक चुकीच्या प्रोग्रॅमचं बिल येत असल्यामुळे लोक विचार करून चालवतात. पण डॉलरमधलं हेच बिल बोस्टनच्या गटाला किरकोळ असतं आणि आपल्याकडच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागाला वर्षाच्या अनुदानाएवढं वाटू शकतं. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या आणि नवख्या संशोधकांसाठी तिथं सवलतीची योजना आहे, हे चांगलंच. तरी किंमत लावली की मागणी कमी होते ती गरज कमी असलेल्यांची नव्हे, ऐपत कमी असलेल्यांची, हे विसरता येत नाही. कुठल्या आजारावर संशोधन होणार, हे मग त्या बिलावरही ठरतं.

भारतातही हे प्रश्न आता दारात आहेत. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकनं ‘परम ८०००’ बनवला, तेव्हा अडचण महासंगणक मिळण्याचीच होती. आज सी-डॅकमध्येच ‘परम सिद्धी-एआय’ आहे, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तो जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा होता. अडचण आता वाटपाची आहे. फरीदाबादला २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये चार पेटाबाइट साठवण आणि ‘ब्रह्म’ नावाचा संगणकसमूह उभा राहिला. त्याआधी भारतीयांची जनुकीय माहितीसुद्धा बहुतांशी अमेरिका-युरोपच्या भांडारांतच जात असे. ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातले दहा हजार भारतीयांचे जनुकसंच आता तिथं आहेत आणि जानेवारी २०२५ पासून ते संशोधकांना उपलब्ध आहेत; प्रस्ताव पाठवायचा, तो मंजूर व्हायचा, मग माहिती मिळायची. एखाद्या मुलात सापडलेला बदल आजाराचा आहे की आपल्या लोकांत सर्रास आढळणारा निरुपद्रवी आहे, हे ओळखायला असा भारतीय साठा फार मोलाचा आहे. म्हणजे हिंक्सटनला जे घडलं, ते इथं घडण्याची सोय हळूहळू तयार होते आहे.

दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. अशा ठिकाणी, किंवा खासगी प्रयोगशाळेत, ज्यांच्या मुलाची ‘एक्झोम’ तपासणी झाली आणि अहवालात ‘कारण आढळले नाही’ असं लिहून आलं, त्यांनी तीन गोष्टी आपल्या जनुकतज्ज्ञांना जरूर विचाराव्यात. मूळ माहिती प्रयोगशाळा किती वर्षं ठेवते? एक-दोन वर्षांनी ती पुन्हा तपासून मिळेल का, आणि त्याचे पैसे किती? आणि मूळ फाइलची प्रत आपल्याला मिळेल का? नुसता छापील अहवाल यासाठी पुरत नाही. ‘फास्टक्यू’ किंवा ‘बॅम’ ही फाइल मागायची. एक्झोमची फाइल सहसा काही गिगाबाइटची असते, पेनड्राइव्हवर मावते. दोन प्रती करून एक घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख मुलाच्या फाइलवर लिहून ठेवा.